वाईत बैठक आणि सहल एकत्र आखताना : तारखेपासून परतीच्या बसपर्यंत

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाची बैठक पहिल्यांदा वाईला नेली तेव्हा बस थेट ढोल्या गणपतीच्या दारात लावायची असा माझा हट्ट होता. ड्रायव्हर नको म्हणत होता. शेवटी एका बाजूला कुणाची तरी ओटी, दुसऱ्या बाजूला पन्हाळीचा पाइप आणि मधे आमची पन्नास सीटची बस, असा अर्धा तास गेला. भाजी विकणाऱ्या एका मावशी हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या... बास!" करून बस मागे घेत होत्या आणि आतली सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. बैठक सव्वा तास उशिरा सुरू झाली आणि विषयपत्रिकेतले शेवटचे दोन विषय पुढच्या वर्षावर गेले.

त्यानंतर चार वेळा वाईत असे दोन दिवस आखले. तीस ते पन्नास माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, एक मुक्काम, दोन बैठका आणि गाव बघणं, हा आमचा ठरलेला घाट. (नदीचे घाट वेगळे, ते सात आहेत.) ग्रंथालय मंडळ, शिक्षकांचा गट, ज्येष्ठ नागरिक संघ, गृहनिर्माण सोसायटी, कुणालाही हे जमेल. धोरण एकच ठेवायचं: सकाळ-संध्याकाळ नदीला द्यायची आणि भर दुपार बैठकीला. उलटं केलं की दोन्ही बिघडतं. मार्चमध्ये सकाळी अकराला घाटाचा दगड अनवाणी पायाला चटके देतो, आणि सकाळी हॉलमध्ये कोंडलेल्या माणसांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेरच्या नदीकडे असतं.

आधी पंचांग, मग हॉल

हॉल शोधायच्या आधी कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर घ्या. वाईला चार दिवस असे येतात की बाहेरच्यांनी जाऊ नये, किंवा गेलं तर त्यासाठीच जावं.

पहिली पौष पौर्णिमा. मांढरदेवीच्या काळूबाईची मोठी यात्रा असते आणि गडाकडे जाणाऱ्यांचा मोठा लोंढा वाईतून जातो. २००५ साली २५ जानेवारीला याच यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो, वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसाच्या आगेमागेही बैठक नको.

दुसरी रंगपंचमी. वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड (यात्रेतला उंच लाकडी गाडा) निघतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत बैलांच्या जोड्या ते अवजड लाकडी बगाड ओढत नेतात, आणि रस्त्यावर मुंगीला जागा नसते. बगाड बघायचंच असेल तर बैठकीचं नाव काढू नका, कारण कुणी बसणार नाही.

तिसरी गोष्ट जोडून आलेल्या सुट्ट्या. महाबळेश्वर-पाचगणीचा रस्ता वाईतूनच पसरणी घाटात चढतो. अशा शनिवारी खंबाटकी घाटात गाड्या तापून उभ्या राहतात, पुढे सुरूर फाट्याला रांग, मग वाईत रांग. पुणे-वाई सुमारे नव्वद किलोमीटर आहे, एरवी दोन-अडीच तासांत होतं. अशा दिवशी चार तास धरा.

चौथी संकष्टी. यात वाईट काही नाही, पण मंदिरात गर्दी असते आणि आपल्यातली निम्मी मंडळी उपवासाची निघतात. दुपारचं जेवण वाया जातं आणि रात्री आठ वाजल्यापासून जो तो चंद्रोदयाची वेळ विचारत फिरतो.

आता कृष्णाबाईचा उत्सव. हिवाळा उतरता लागला की एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाई, म्हणजे देवीच्या रूपातली कृष्णा नदी, बसते: मांडव, भजन-कीर्तन, महाप्रसाद. अफझलखान वाईला तळ देऊन होता त्या १६५९ सालच्या नवसाशी ही परंपरा जोडली जाते. ज्या आळीची पाळी असेल तिचा घाट त्या दिवसांत मांडवाखाली असतो. आपल्याला घाटावर मोकळेपणी बसायचं असेल तर ही अडचण, पण उत्सव पाहायचा असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही. कुठल्या आळीची पाळी कधी आहे हे वाईतल्या कुणालाही फोनवर विचारा, तोंडपाठ सांगतील.

पावसाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे: जुलै ते सप्टेंबर गट नेऊ नये. हिरवंगार असतं, फोटो छान येतात, सगळं खरं. पण वर आठ-नऊ किलोमीटरवर धोम धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं. ते भरत आलं की पाणी सोडतात, घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि कधीकधी पाणी गणपतीच्या गाभाऱ्यात शिरतं. चाळीस माणसांना ओल्या पायऱ्यांवर आवरणं एका सेक्रेटरीच्या हातातली गोष्ट नाही.

राहता राहिले दिवाळीनंतरचे दिवस ते फेब्रुवारीअखेर. यातच लग्नसराई येते. तुळशीचं लग्न झालं की मंगल कार्यालयं भराभर भरतात. म्हणून लग्नाच्या तारखा बघा आणि त्या टाळून उरलेला दिवस पकडा. कार्यालयवालाही बिनमुहूर्ताच्या दिवशी खुशीने दर उतरवतो.

शनिवार-रविवार नको, शुक्रवार-शनिवार घ्या

हा सल्ला दिला की मंडळात कुरकुर होते, कारण नोकरदारांना एक रजा टाकावी लागते. तरी मी अडून बसतो. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत आहे आणि ते सरकारी आहे. राज्य शासनाचा पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून सुरू झाला, म्हणजे शनिवार-रविवार दार बंद. पुस्तकाशी काही नातं असलेला गट वाईला येऊन विश्वकोश न बघता गेला तर काय उपयोग?

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मुंबई-पुण्याऐवजी या गावात बसून मराठीतला सर्वसंग्राहक कोश उभा केला. पहिला खंड १९७६ साली निघाला. ते स्वतः इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. त्या पाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्याकडे शिकायला विनोबाही १९१७ साली येऊन राहिले होते. हे बसमध्ये माईकवर सांगण्यापेक्षा तिथं उभं राहून सांगितलेलं लोकांच्या लक्षात राहतं.

मात्र तिथं अचानक चाळीस जणांनी घुसायचं नाही. दोन-तीन आठवडे आधी मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या: दिवस, वेळ, किती जण, काय बघायचंय. वीस-वीसच्या दोन तुकड्या करा. एक तुकडी कार्यालयात असताना दुसरी प्राज्ञपाठशाळेकडे, मग अदलाबदल. काम करणाऱ्या माणसांच्या टेबलांमधून आपण जातोय हे आपल्या लोकांना आधी सांगून ठेवा. आमच्यातल्या एकांनी तिथं एका नोंदीतली चूक काढून पाऊण तास वाद घातला होता. माणूस विद्वान, पण दुसरी तुकडी बाहेर उन्हात.

दुसरा फायदा परतीचा. शनिवारी दुपारी तुम्ही पुण्याकडे निघता तेव्हा सगळी गर्दी उलट दिशेने येत असते.

हॉल ठरवताना विचारायचे प्रश्न

एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या. फोनवर सगळेच हॉल प्रशस्त असतात. मी गेल्यावर आधी स्वच्छतागृह बघतो, किती आहेत, पाणी आहे का, कमोड आहे का. घाटांवर ही सोय फारशी मिळत नाही, त्यामुळे दोन दिवसांचं अख्खं वेळापत्रक हॉलच्या स्वच्छतागृहाभोवती फिरतं. बायकांच्या दृष्टीने तर हाच पहिला मुद्दा. तो कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

मग बाकीचं. ताबा किती वाजता आणि सोडायचं किती वाजता? जनरेटर आहे का, आणि डिझेल कोणाच्या खिशातून? खुर्च्या किती, सतरंज्या किती? बाहेरचा आचारी चालतो का? प्यायच्या पाण्याचे जार धरून की वेगळे? सफाईचे पैसे वेगळे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या दिवशी त्याच आवारात दुसरं काही आहे का? आम्हाला एकदा एका कार्यालयाने वरचा हॉल दिला आणि खाली साखरपुडा दिला. अध्यक्ष ताळेबंद वाचत होते आणि खालून बँडवर झिंगाट चाललं होतं. ताळेबंद एकमताने मंजूर झाला, कारण कुणाला ऐकूच आला नाही.

ही सगळी उत्तरं पावतीवर लिहून घ्या. नुसतं "ॲडव्हान्स मिळाला" असं लिहिलेली पावती भांडणाच्या वेळी कामाला येत नाही. घाटावर लाउडस्पीकर लावून काही करणार असाल, अगदी छोटं गाणं-बजावणं, तरी नगरपरिषदेची आणि पोलीस ठाण्याची परवानगी लागते. रात्री दहानंतर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद. मला विचाराल तर स्पीकर नेऊच नका. संध्याकाळी घाटावर पाण्याचा आणि देवळातल्या घंटेचा जो आवाज असतो तो पुरेसा आहे.

बस कुठे, माणसं कुठे

वाईला रेल्वे नाही. जवळची स्टेशनं वाठार आणि सातारा, तिथून एसटी किंवा वडाप (शेअर जीप). पुण्याहून येणाऱ्यांना स्वारगेटहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या एसट्या वाईवरूनच जातात, हे एकटे-दुकटे येणाऱ्यांना कळवून ठेवा.

गटासाठी पन्नास सीटच्या एका बसऐवजी सतरा सीटच्या दोन-तीन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण जवळच्या मेणवली गावाच्या रस्त्याला आणि आळ्यांच्या तोंडाशी त्या वळतात. मोठी बस घेतलीच तर ती बाहेर मोकळ्या जागी उभी करून गावात चालायचं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दोन रिक्षा अर्ध्या दिवसाच्या बोलीवर ठरवा. हे आधी गाजावाजा न करता ठरवलेलं बरं. "रिक्षात कोण बसणार?" असं सगळ्यांसमोर विचारलं की गुडघे धरून चालणारे काकासुद्धा "छे, मी चालतो" म्हणतात.

गावात चालताना पुढे एक वाटाड्या आणि शेवटी एक शेपूट. शेपटाचं काम फक्त एक: आपल्या मागे कुणी नाही हे बघणं. हा माणूस गप्पिष्ट नसावा. आणि चपला! देवळापाशी चाळीस जणांच्या चपला काढून घालून होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात. मी हे आता वेळापत्रकात लिहितो: "चपला, १५ मि." लोक हसतात, पण वेळ जुळतो.

नदीकडे जाताना

वाईचे घाट आळ्यांच्या नावाने ओळखले जातात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सातही एका दमात करू नका. गणपती आळीपासून सुरू करा आणि शेजारचे दोन-तीन बघा, बाकीचे दुसऱ्या दिवशी ज्यांना हौस असेल त्यांनी.

गणपती मंदिर बाहेरून आधी दाखवा, दर्शन नंतर. दर्शन झालं की लोक प्रसादाच्या आणि फोटोच्या मागे लागतात. देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहा. भिंत सरळ नाही, ती माशासारखी निमुळती होत गेली आहे, आणि ही निमुळती पाठ नदीच्या प्रवाहाच्या तोंडाला आहे. पूर आला की पाणी या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जातं. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घराण्यातल्या. बांधणाऱ्याला पूर येणार हे ठाऊक होतं आणि तरी देव ऐन काठावर बसवायचा होता, म्हणून त्याने भिंतीला माशाचा आकार दिला. आमच्यातले एक निवृत्त जलसंपदा इंजिनिअर त्या भिंतीपाशी पंधरा मिनिटं हात लावून उभे होते. बाकीच्यांना दर्शनाला पाठवून मी त्यांच्यापाशी थांबलो. त्यांनी चपलेच्या टोकाने मातीत प्रवाहाच्या रेषा काढून दाखवल्या. त्या दौऱ्यातलं सर्वांत चांगलं व्याख्यान तेच, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

मग आत. दहा फुटांच्या आसपासची एका दगडातली बैठी मूर्ती, अंगाने भरलेली, म्हणून ढोल्या. शेजारीच काशीविश्वेश्वर, १७५७ सालचं, त्याचा काळा गुळगुळीत नंदी बघायला विसरू नका.

माहिती सांगणारा माणूस गावातला घ्या, शक्यतो निवृत्त शिक्षक. त्यांना मानधनाचं पाकीट आधीच तयार ठेवा आणि निघताना चारचौघांत नाही, बाजूला नेऊन द्या. चाळीस जणांना नदीकाठी एकाचा आवाज पोचत नाही, म्हणून पुन्हा दोन तुकड्या. खालच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि कोरड्या दिसणाऱ्या पायरीवरही असतं. पाय बुडवायचे तर बसून बुडवायचे, उभ्याने नाही, हा नियम मी शाळेच्या मुलांना सांगावा तसा सांगतो आणि सत्तरीच्या माणसांना तो जास्त लागू पडतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेणवली. वाईपासून तीनच किलोमीटर, नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट. सात-साडेसातला पोचा. उन्हं तिरपी असतात आणि चित्रीकरणवाले अजून आलेले नसतात. हो, चित्रीकरणाचं विचारून ठेवा. सिनेमावाल्यांना हा घाट फार आवडतो. त्यांचा सेट लागलेला असला तर घाट दिसतो पण आपला राहत नाही. वाडा खाजगी मालकीचा आहे, म्हणून आत जायचं तर आधी कळवून वेळ पक्की करा.

घाटावर एका छोट्या दगडी देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन बघितलं की तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते, आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक. लोकांना आधी सांगू नका. घंटेपाशी न्या आणि "यावर काय दिसतंय?" विचारा.

पाचगणी फक्त बारा-तेरा किलोमीटरवर आहे, "जाऊन येऊ पटकन" असं कुणीतरी म्हणणारच. नाही म्हणा. पसरणी घाट चढून टेबललँड बघून परत यायला अर्धा दिवस जातो आणि बैठक मरते. तिसरा दिवस हाताशी असेल तर मात्र पाचगणीजवळचं भिलार ठेवा. ते २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. धोमचं नृसिंह मंदिर आणि कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी मात्र अर्ध्या दिवसात सहज होतं.

बैठक आणि जेवण

दुपारी सव्वादोनला बैठक म्हणजे डुलक्या, अशी शंका येईल. इलाज साधा आहे. आधी अहवालवाचन करू नका. जो विषय भांडणाचा आहे तो पहिला घ्या. वर्गणी वाढवायची का, हा विषय सुरू झाला की कुणाला झोप येत नाही. अहवाल आधीच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि साडेचारच्या चहानंतर पाच मिनिटांत मंजूर करा. पाच वाजता बैठक संपलीच पाहिजे, कारण साडेपाचला घाटावर पोचायचंय. हा बाहेरचा धाक फार उपयोगी पडतो. एरवी तीन तास चालणारी आमची सभा वाईत अडीच तासांत आटोपते.

जेवण स्थानिक आचाऱ्याकडे द्या आणि साधं सांगा. पहिल्या दुपारी भरलं वांगं, आमटी, भाकरी, ठेचा, ताक. श्रीखंड-पुरी दुपारी ठेवली तर वर्गणीचा विषयसुद्धा लोकांना जागं ठेवू शकणार नाही. गोड रात्री. ताटांचा पक्का आकडा दोन दिवस आधी द्या. चाळीस नावं आली असतील तर शेवटच्या क्षणी दोघा-तिघांच्या घरी काहीतरी निघतंच, हे धरून सदतीस-अडतीस सांगा. चहा मात्र माणशी दोनदा धरा. बिनसाखरेचा वेगळा थर्मास, त्यावर चिठ्ठी.

निघताना

दुसऱ्या दिवशी साडेदहा ते साडेबारा उरलेली बैठक, जेवण, अडीचला बस. मधे वीस मिनिटं बाजाराला द्या, कारण वाईची हळद न घेता बायकामंडळी हलणार नाहीत आणि पुरुष त्यांच्याहून जास्त घेतात. खरेदी शेवटीच ठेवा. आदल्या दिवशी घेतलेली पिशवी एकाने खोलीतच विसरली आणि ती आणायला रिक्षा पाठवावी लागली.

हिशोब गाडीतच करा. खजिनदाराला पुढच्या सीटवर बसवा, पावत्यांचं पाकीट त्याच्या हातात द्या आणि सुरूर फाटा यायच्या आत रिक्षा, आचारी, हॉल, मानधन अशा रकमा लिहून होऊ द्या. हायवेला लागल्यावर सगळे झोपतात, खजिनदारही.